लिफ्ट न केलेल्या पिकअपला मोठे ऑल-टेरेन टायर: पात्रता, कागदपत्रे आणि आरटीओतली नोंद

लिफ्ट न केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन उंच न केलेल्या पिकअपला मोठे टायर टाकायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो: आरटीओची परवानगी कुठे मिळते? पिकअपवाल्यांना हे उत्तर आवडत नाही, पण कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या पलीकडचा टायर मंजूर करून देणारा कुठलाही अर्ज नाही. अर्ज आहे तो नोंदीचा. त्यामुळे काम सुरू करायचे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून (त्यावर टायरचे मूळ माप आणि हवेचा दाब असतो), आरटीओची पायरी नंतर.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते, की आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमावर बोट ठेवले आणि राज्याच्या नियमाचा आधार घेऊनही या मनाईतून सुटता येत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चार टायर म्हणजे एक फेरफार की चार, हा वाद रस्त्यावर उभे राहून घालण्यात अर्थ नाही.

आता पात्रता. तुमची पाटी पांढरी आहे की पिवळी, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. परिवहन वाहनासाठी कलम ५८ प्रमाणे टायरची संख्या, प्रकार आणि माप आरसीत नोंदवले जाते, आणि गाडीचे कमाल एकूण वजन ठरवतानाही टायर विचारात घेतलेले असतात. म्हणून पिवळ्या पाटीच्या पिकअपला माप बदलले की आरसीशी थेट विसंगती तयार होते आणि फिटनेसच्या पासिंगला ती निरीक्षकाच्या नजरेत येते. खासगी गाडीला ही टायरची नोंद लागू नाही. तरी तिथेही मोजमाप होते ते उत्पादकाच्या तपशिलाशीच, हे विसरू नये.

दोन्हींसाठी सुरक्षित वाट एकच. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला, त्याच इंजिन आणि ब्रेकसह, कंपनीने कोणते माप दिले आहे ते मालक पुस्तिकेत बघा. ते तुमच्या मापापेक्षा मोठे असेल तर तुम्हाला कागदोपत्री भक्कम आधार मिळाला. नसेल तर आहे त्याच मापात ऑल-टेरेन (पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचा) पॅटर्न घ्या. खरे सांगायचे तर खडी, चिखल आणि शेतरस्ता यांवर फरक पडतो तो खाचांच्या नक्षीने आणि जाड साइडवॉलने. मापाचे कौतुक जास्त दिसण्यापुरतेच.

आकडे मांडले की हे लगेच पटते. २६५/६५ आर १७ (२६५ मिमी रुंदी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची) या टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी. २६५/७० आर १७ घेतला तर ८०३ मिमी, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के वाढ. गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १३ मिमी, जेमतेम अर्धा इंच. २८५/७० आर १७ वर गेलात तर व्यास ८३१ मिमी, वाढ सात टक्के, उंची २७ मिमी. पण आता अडचणी रांगेने येतात. स्पीडोमीटर मूळ मापावर अचूक धरला, तर काटा ८० दाखवत असताना गाडी ८६ ने धावत असते. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये ही नियमामागची अपेक्षा असते. कंपन्या काटा थोडा पुढे ठेवतात खऱ्या, पण ती शिल्लक तुम्ही खाऊन टाकता. ओडोमीटरही मागे पडतो: मीटरवर १०,००० किमी झाले तेव्हा गाडी १०,७०० धावलेली असते, आणि सर्व्हिस तितकीच उशिरा होते.

लिफ्ट नसलेल्या गाडीत जागा सरळ पुढे बघून मोजायची नसते. स्टिअरिंग पूर्ण वळवा, रिव्हर्स घ्या, एक पुढचे चाक दगडावर चढवा आणि हौद्यात माल भरून पुन्हा बघा. टायर घासतो तो मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिक लायनरला किंवा आतल्या बाजूने चेसिसला. रुंद टायरसाठी कमी ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला आणणारी अलॉय टाकली की आतली घासट थांबते आणि बाहेरची सुरू होते, वर टायर फेंडरच्या बाहेर डोकावतो. स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का, हेही आधीच बघावे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून लांब पळवणे ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सला) महागात पडते.

टायर निवडताना साइडवॉलवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५० किलो. वेगाचे अक्षरही बघा: क्यू १६०, एस १८०, टी १९० किमी प्रतितास. एलटी (लाइट ट्रक) प्रकारच्या टायरला तेवढ्याच वजनासाठी जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा आंधळेपणाने भरू नका, टायर कंपनीचा तक्ता मागा. आयएसआय चिन्ह आणि चार आकडी उत्पादन तारीख (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) बिल करण्याआधी तपासा. वापरलेले टायर घेणार असाल तर केंद्रीय नियम ९४ प्रमाणे चारचाकीला किमान १.६ मिमी खोल खाच हवीच.

अर्जाचा भाग त्या मानाने छोटा आहे. परिवहन पोर्टलवर वाहनाच्या सेवांमध्ये गाडी क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून शिरायचे, आणि फेरफाराची सेवा निवडायची. ओटीपी येतो तो आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर. जुना नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच पायरीवर अडाल. अर्ज आणि शुल्क भरले की गाडी निरीक्षकाला दाखवायची, आणि मंजुरीनंतर आरसीत दुरुस्ती होते.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, टायरचे जीएसटी बिल (त्यावर माप आणि लोड इंडेक्स लिहून घ्या), पिवळ्या पाटीला फिटनेस प्रमाणपत्र, आणि मालक पुस्तिकेतल्या मापाच्या पानाची प्रत ठेवा. ही शेवटची प्रत कुणी मागेलच असे नाही, पण निरीक्षकाशी बोलताना तीच सर्वात जास्त कामाला येते. कर्ज असेल तर वित्त कंपनीचे संमतीपत्र घ्या. भाडेखरेदीच्या गाडीत लेखी संमतीशिवाय फेरफार करायला कलम ५२ मध्येच मनाई आहे.

याच कलमातल्या १४ दिवसांच्या मुदतीबद्दल गैरसमज फार आहे. मान्यता न घेता फेरफार झाला तर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी सादर करावी, असे ते म्हणते. याचा अर्थ ‘आधी बदला, मग कळवा’ असा काढला जातो. पण मुळात न बसणारे माप कळवल्याने कायदेशीर होत नाही. उलट तुम्हीच ते लिहून दिलेले असते. पिवळ्या पाटीवाल्यांनी आधी विचारून, मगच टायर खरेदी करावेत.

विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास उकरला जातो. जुने टायर मात्र लगेच विकू नका. निरीक्षकाने नकार दिला तर त्याच संध्याकाळी ते परत बसवावे लागतील.