तारीख आधी बोलते

सीमाभागातल्या मराठी माणसाला काय वाटतं, हे विचारायला बाहेरचे लोक ठरावीक दिवशीच येतात. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते तेव्हा, 17 जानेवारीला, 1956 च्या गोळीबारात गेलेल्यांच्या हुतात्मा दिनी, 1 जूनला बेळगावजवळच्या हिंडलग्यात, नाहीतर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की. माईक पुढे येतो, प्रश्न होतो, उत्तर मिळतं आणि तेच ‘सीमाभागाचं मत’ म्हणून सगळीकडे जातं. ते उत्तर मनापासूनचंच असतं. पण जनमताचा अभ्यास करणाऱ्यांना गेली पाऊणशे वर्षं एक गोष्ट ठाऊक आहे. माणसाच्या मनात पुष्कळ काही असतं आणि उत्तर देताना त्यातलं जे हाताशी येतं त्यावरच तो बोलतो. स्मृतिदिन नेमकं हेच करतो. मनाच्या तळाशी असलेली एक गोष्ट तो वर आणून ठेवतो.

1948 साली अमेरिकेत हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्सली यांनी एक साधा प्रयोग केला. रशियाशी वैर वाढत होतं. बाहेरच्या देशांतल्या कम्युनिस्ट वार्ताहरांना अमेरिकेत येऊन हव्या तशा बातम्या पाठवू द्याव्यात का, असं त्यांनी लोकांना विचारलं. हाच प्रश्न पहिला आला, तेव्हा सुमारे 37 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटाला आधी विचारलं गेलं की, आपल्या वार्ताहरांना रशियात तशी मोकळीक मिळावी का? त्यानंतर कम्युनिस्ट वार्ताहरांचा प्रश्न आला आणि आता 73 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. प्रश्नाचा एक शब्दही बदलला नव्हता. फक्त आधीच्या प्रश्नानं ‘आपल्याला एक न्याय, त्यांना दुसरा कसा?’ हा विचार जागा केला होता. 1980 साली हॉवर्ड शुमन आणि स्टॅनली प्रेसर यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही उत्तरं त्याच बाजूला झुकली.

बेळगावात 1 नोव्हेंबरला हा आधीचा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, तारीखच विचारते. दंडाला काळी फीत बांधून निघालेल्या मराठी मुलाला ती विचारते, ‘1956 साली तुझ्या आजोबांना कुणी विचारलं होतं का?’ त्याच सकाळी राणी चन्नम्मा चौकाकडे लाल-पिवळा झेंडा घेऊन जाणाऱ्या कन्नड मुलाला ती विचारते, ‘विखुरलेलं कन्नड राज्य एक कधी झालं?’ दोघांनाही नंतर कुणी बसभाड्याबद्दल विचारलं, शाळेबद्दल विचारलं, दुकानाच्या पाटीबद्दल विचारलं, तरी उत्तरं त्या पहिल्या प्रश्नाच्या उजेडातच येणार. खानापूरकडचे एक वयस्क काका मला एकदा सरळच म्हणाले, “त्या दिवशी विचारलासा तर तेच सांगणार की ओ. पेरणीच्या वेळी या, दुसरं काय काय सांगतो.”

ही तारीख दर खेपेला आणखी जड होत गेली आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. 1973 साली त्याच दिवशी म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. 2014 साली पुन्हा त्याच दिवशी बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं. नवा निर्णय जुन्या तारखेवर बसवला की जुन्या आठवणीचं सगळं वजन त्याला आयतंच मिळतं, आनंदाचंही आणि दुःखाचंही. राज्यकर्त्यांना हे मानसशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता आठवण टिकते कशी, ते पाहू. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की, निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतात आणि दिवसाअखेर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. या गळतीवर उपाय म्हणजे मधूनमधून आठवणं. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवून लिहिला. आठवड्यानं पाहिलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी 1 जूनला हेच घडताना दिसतं. भोवतालच्या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी उरकलेली असते, लोकांची नजर अधूनमधून आभाळाकडे जाते. 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांची नावं एकेक करून घेतली जातात आणि प्रत्येक नावामागून ‘अमर रहे’ उठतं. पुढच्या रांगेतल्या बायकांकडे नीट पाहिलं, तर नाव पुकारलं जाण्याआधीच त्यांचे ओठ हललेले असतात. शेजारच्या पोरांचा त्या साली जन्मही झालेला नव्हता, तरी तीही पुढचं नाव ओळखतात. स्मृती अशी पिढीखाली उतरते, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासाठी ती उतरलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पण आठवण्याला एक किंमत असते आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. 1994 साली मायकेल अँडरसन, रॉबर्ट बियॉर्क आणि एलिझाबेथ बियॉर्क यांनी दाखवलं की, यादीतल्या काही फळांची नावं वारंवार आठवली, तर त्याच यादीतली न आठवलेली फळं जास्तच विसरली जातात. ज्या दुसऱ्या याद्यांना कुणी हातही लावला नव्हता, त्यांच्यापेक्षाही जास्त. म्हणजे नुकसान शेजाऱ्याचं होतं. पुढे 2007 साली अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं असं असलं, तरी वक्ता जे शेजारचं गाळतो ते ऐकणाऱ्याच्याही मनातून पुसट होतं.

आपल्या शहराइतकं याचं ठसठशीत उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. मे 1946 मध्ये बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. हे आपल्या प्रत्येक भाषणात येतं. डिसेंबर 1924 मध्ये याच बेळगावात, टिळकवाडीच्या बाजूला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथे. आणि त्याच वेळी, त्याच ठिकाणी, कर्नाटक एकीकरणाची परिषदही झाली. दोन्ही भाषांच्या राज्यांचं स्वप्न एकाच शहरात, बावीस वर्षांच्या अंतरानं, जाहीरपणे मांडलं गेलं. आपल्या व्यासपीठावर 1924 मधली ती परिषद गाळली जाते, त्यांच्या व्यासपीठावर 1946. कुणी मुद्दाम लपवतं असं नाही. प्रत्येक भाषणात थोडं थोडं करून शेजारचं पुसलं जातं, आणि दोन्हीकडच्या पोरांना वाटतं की या गावावर दुसऱ्यानं कधी जीव लावलाच नव्हता.

2024 साली त्या अधिवेशनाची शताब्दी झाली. 26 डिसेंबरला डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झाल्यानं कार्यक्रम अर्ध्यावर थांबले आणि लांबलेली सभा 21 जानेवारी 2025 ला झाली ती ‘जय बापू, जय भीम, जय संविधान’ या नावानं. शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेचं निमित्त आणि बोलणं आजच्या राज्यघटनेबद्दल. शताब्द्या बहुधा अशाच साजऱ्या होतात.

कुठली घटना कुणाला मोठी वाटते, याचा वयाशीही घट्ट संबंध आहे. शुमन आणि जॅकलिन स्कॉट यांनी 1985 साली सुमारे 1,400 अमेरिकन लोकांना विचारलं की, गेल्या पन्नास वर्षांतल्या महत्त्वाच्या घटना कोणत्या? कुठलीही यादी पुढे ठेवली नव्हती. बहुतेकांनी स्वतःच्या सतरा-अठराव्या वर्षापासून विशी-पंचविशीपर्यंत घडलेल्या गोष्टी सांगितल्या. हा हिशेब इथे लावून पाहा. 1956 साली 17 ते 25 वयाचे असलेले लोक 2026 मध्ये 87 ते 95 वर्षांचे होतात. 1986 ची तरुण पोरं आता साठीच्या आसपास आहेत. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक 2014 साली हटवला गेला तेव्हा जे कॉलेजात होते, त्यांच्यासाठी सीमाप्रश्नाचा चेहरा तो फलकच आहे. घरात तिघे एकच घोषणा देतात आणि तिघांच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र असतं.

जर्मन अभ्यासक यान आसमान यांच्या मते, तोंडी सांगितली जाणारी जिवंत आठवण 80 ते 100 वर्षं टिकते. त्यानंतर उरतात ती स्मारकं, पुस्तकं आणि समारंभ. 1956 ला सत्तर वर्षं झाली. पाहिलेलं सांगणारी माणसं अजून थोडी आहेत, पण फार दिवस नसतील, आणि त्यांचं बोलणं टिपून ठेवण्याची घाई मला स्मारकाला नवा रंग देण्यापेक्षा मोठी वाटते.

टिपतानाही काळजी हवी. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं. दुसऱ्याच सकाळी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा विचारलं, तर चौथा हिस्सा प्रत्येक मुख्य बाबतीत चुकला होता, आणि तरी अनेक जण छातीठोक सांगत होते. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी काहींना पटेना. आठवण वारंवार सांगितल्यानं पक्की होते, पण खरी होतेच असं नाही.

म्हणून वृद्धांना सभेच्या दिवशी, भाषणं ऐकून झाल्यावर विचारू नये. रोपलावणी चालू असताना, जुलैच्या पावसात, एकेकाच्या घरी जाऊन विचारावं. ‘17 जानेवारीला काय झालं?’ असा प्रश्न न करता ‘तुमच्या तरुणपणी या गावात काय काय घडलं?’ असा करावा, कुठलीही तारीख आपण होऊन सुचवू नये. बेळगावच्या शहापुरातल्या कन्नड आजींनाही हेच, याच शब्दांत विचारावं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुलाखतीचा दिवस लिहावा. मग तेच प्रश्न 1 नोव्हेंबरच्या आठवड्यात दुसऱ्या लोकांना विचारावेत आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचावेत. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांतली मुलं एका वर्षात हे काम करू शकतील.