केळीचा घड, दगडी रस्ता आणि तीन आठवड्यांची शर्यत

रावेर-यावल भागात केळीची कापणी सुरू झाली की मळ्यातला घड पक्क्या सडकेपर्यंत आणण्याचे काम सर्वांत जपून करावे लागते. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी केळीच्या पानांचा जाड थर पसरतात, त्यावर घड ठेवतात, आणि गाडवाटेवर जिथे दगड उघडे पडले असतील तिथे गाडीवान खाली उतरून बैलांच्या बरोबरीने चालतो. एवढे करूनही काही धक्के बसतातच. घड गाडीतून उतरवताना त्यांचा मागमूस दिसत नाही. साल पिवळी होऊ लागली की दोन-चार दिवसांनी त्या जागा काळ्या पडून वर येतात. माझे लहानपण अशा गाड्यांवर गेले. त्यामुळे जुलै महिन्यात टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाहताना त्यात उत्तर फ्रान्समधले दगडी रस्ते आले की, त्या दिवशी कोण जिंकले यापेक्षा या माणसांच्या अंगात आज मुरलेला मार किती दिवसांनी वर येईल, हा प्रश्न मला आधी पडतो.

टूर द फ्रान्स २३ दिवस चालते. त्यात २१ टप्पे आणि दोन विश्रांतीचे दिवस असतात आणि एकूण अंतर साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर असते. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. अशा शर्यतीत दगडी रस्ते असावेत की नसावेत, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते की अष्टपैलू सायकलपटू ठरवायचा असेल तर रस्त्याचा खडबडीतपणाही चढाइतकाच परीक्षेचा विषय आहे. दुसरी बाजू म्हणते की वर्षभर तयारी केलेला खेळाडू एका फुटक्या टायरमुळे किंवा मोडलेल्या हाडामुळे बाहेर पडत असेल, तर ती परीक्षा नव्हे. माझे मत पहिल्या बाजूला झुकते, परंतु प्रमाण आणि जागा या दोन अटींसह. आणि त्या अटी आवडीनिवडीतून नव्हे, तर पदार्थविज्ञानातून आणि शरीरविज्ञानातून येतात.

प्रथम हा रस्ता कसा असतो ते पाहू. आपल्याकडे फरसबंदी म्हटले की वाड्याच्या चौकातली घडीव, सपाट फरशी डोळ्यांपुढे येते. उत्तर फ्रान्समधला रस्ता तसा नसतो. वीतभराहून थोड्या कमी रुंदीचे, वरून गोलसर झिजलेले दगड हाताने वाळूत बसवलेले असतात, त्यांच्या मध्ये फटी राहिलेल्या असतात, आणि गाड्यांच्या ये-जा करण्याने दोन्ही बाजू खचून मधला भाग उंच राहिलेला असतो. अशा रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली एक दिवसाची पॅरिस–रूबे ही शर्यत १८९६ पासून चालत आली आहे; आज तिच्या सुमारे २६० किलोमीटरांपैकी जवळपास ५५ किलोमीटर दगडांवरून जातात. १९६० च्या दशकात या भागातले रस्ते भराभर डांबरी होऊ लागले, तेव्हा शर्यतीला दगड शोधावे लागले. पूर्वी खाणकामगार असलेले सायकलपटू जाँ स्टॅब्लिन्स्की यांनी आरेनबर्गच्या जंगलातली वाट सुचवली आणि १९६८ मध्ये ती प्रथम वापरली गेली. ज्या खाणीत त्यांनी काम केले होते, ती त्याच जंगलाखाली होती.

खानदेशात असे रस्ते का नाहीत, हेही येथे सांगण्यासारखे आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर सुटे दगड मांडले तर दोन-तीन पावसाळ्यांत ते वरखाली होतात. म्हणून आपल्याकडे मुरुमाचा थर देऊन त्यावर काळ्या दगडाची फोडलेली, टोकदार खडी दाबून बसवण्याची पद्धत रुळली. टोकदार तुकडे एकमेकांत अडकतात आणि जमीन थोडी हलली तरी थर एकसंध राहतो.

आता धक्क्यांचा हिशोब करू. दगड १५ सेंटिमीटर रुंद आणि सायकलचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, असे धरले तर चाकाखालून सेकंदाला सुमारे ७४ दगड जातात. प्रत्येक दगडागणिक चाकाचा आस फक्त एक मिलिमीटर वर आणि एक मिलिमीटर खाली जात राहिला, तरी त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या २२ पट भरते. एवढे त्वरण सतत सोसणे सायकलच्या चौकटीला आणि मनगटांना कठीण जाईल, आणि चाकही जमिनीवर टिकणार नाही. म्हणजेच दगडाचा उंचवटा आसापर्यंत पोहोचूच नये, तो टायरने आतल्या आत गिळावा, हाच मुख्य उपाय उरतो.

पूर्वी शर्यतीच्या सायकलींचे टायर २३ मिलिमीटर रुंद असत आणि त्यांत सुमारे ८ बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने हवा भरत. टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, असा समज होता. आता दगडांसाठी ३० ते ३२ मिलिमीटरचे टायर आणि जवळपास निम्मा दाब वापरतात. एका चाकावर ४० किलोचा भार आहे असे मानले तर ८ बारला टायरचा सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो आणि ४ बारला सुमारे १०. टेकणारा भाग मोठा असला की टायर दगडाच्या माथ्याभोवती वाकतो आणि उंचवटा गिळतो. दाब फार कमी केला तर मात्र दगडाची धार टायर दाबून थेट रिमपर्यंत पोहोचते आणि टायर फुटतो. या दोन टोकांमधला नेमका दाब प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे शोधणे ही आज संघांतील तंत्रज्ञांची मोठी कामगिरी झाली आहे.

सायकलपटू दगडांवर वेग कमी करण्याऐवजी वाढवू पाहतात, याचे अनेकांना नवल वाटते. कारण अनुनादात आहे. प्रत्येक वस्तूची हलण्याची स्वतःची एक लय असते आणि बाहेरचा धक्का त्याच लयीत आला की हालचाल वाढत जाते. बसलेल्या माणसाच्या धडाची उभी लय सेकंदाला ४ ते ८ वेळा इतकी असते. बैलगाडीच्या, म्हणजे ताशी ४ किलोमीटरच्या, वेगाने त्याच दगडांवरून गेले तर सेकंदाला सुमारे ७ धक्के बसतात. ती नेमकी धडाचीच लय, म्हणून पोट ढवळून निघते. ताशी ४० किलोमीटरला धक्के इतके जलद येतात की धडाला त्यांच्यामागे जायला अवधीच मिळत नाही. मात्र हे समान बसलेल्या दगडांपुरतेच खरे आहे. जिथे दोन-दोन मीटरवर खड्डे पडलेले असतात, तिथे ताशी ४० च्या वेगालाही सेकंदाला पाच-सहा मोठे हिसके बसतात, म्हणजे हातांना जलद कंपन आणि धडाला संथ हेलकावे असा दुहेरी मार पडतो. शर्यतीतला दगडी रस्ता सलग नसून तुकड्यातुकड्यांनी येतो. या तुकड्यांची वर्गवारी एक ते पाच तारे देऊन करतात, ती केवळ लांबीवरून नव्हे, तर दगडांच्या अशा अवस्थेवरूनही.

हे कंपन फुकट होत नाही. त्याची ऊर्जा सायकलपटूच्या पायांतूनच येते आणि स्नायूंत, टायरमध्ये उष्णता होऊन विरते. चांगल्या डांबरावर ८० किलोची सायकल-स्वार जोडी ताशी ४० ने नेताना चाकांच्या घर्षणापोटी सुमारे ३५ वॅट खर्च होतात. दगडांवर हा विरोध दुप्पट झाला तरी आणखी ३५ वॅट लागतात. ६० किलोच्या चढाईपटूला आणि ८० किलोच्या धिप्पाड सायकलपटूला यात वेगळी वागणूक मिळते. कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या चढावर सायकल घेऊन गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की तिथे अंगावरचा प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. म्हणून किलोमागे किती वॅट हे महत्त्वाचे ठरते. सपाटीवर मुख्य विरोध हवेचा असतो आणि वजन वाढते त्या प्रमाणात हवेला भिडणारे अंग वाढत नाही, म्हणून तिथे एकूण वॅट महत्त्वाचे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत पर्वत भरपूर असतात आणि त्या सर्व दिवशी फायदा हलक्या सायकलपटूलाच मिळतो. दुसऱ्या प्रकारच्या शरीराला आणि कौशल्याला एखादा दिवस देणे मला न्यायाचेच वाटते. शिवाय हलके म्हणजे दगडांवर हरलेच असेही नाही: २०१४ च्या टूरमध्ये इटलीचा विन्चेन्झो निबाली या प्रसिद्ध चढाईपटूने पावसात भिजलेल्या दगडांवर आपला प्रतिस्पर्धी अल्बेर्तो कोन्तादोरला दोन मिनिटे ३५ सेकंदांनी मागे टाकले, आणि पुढे टूरही जिंकली.

शरीराच्या बाबतीत प्रमाण हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ड्रिल मशीन किंवा दगड फोडण्याची यंत्रे चालवणाऱ्या कामगारांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये हातांना पोहोचणाऱ्या कंपनाच्या त्वरणाची मर्यादा ठरवली: आठ तासांच्या सरासरीने सेकंदवर्गाला ५ मीटर. कमी वेळाच्या कामाचा हिशोब वर्गमुळाने होतो. दगडांचे एकूण २० किलोमीटर ताशी ४० ने पार करायला अर्धा तास लागतो, म्हणजे आठ तासांचा सोळावा भाग. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून त्या अर्ध्या तासात पाचाच्या चौपट, म्हणजे सेकंदवर्गाला २० मीटरपर्यंतचे कंपनही मर्यादेच्या काठावर येते. ही मर्यादा वर्षानुवर्षे रोज काम करणाऱ्यांसाठी आखलेली आहे, तेव्हा एका दिवसाच्या अर्ध्या तासाने कोणाच्या नसा कायमच्या बिघडतील असे म्हणता येत नाही. परंतु धक्क्यांमुळे मूठ घट्ट आवळली जाते, आवळलेल्या स्नायूंत रक्त कमी फिरते, बोटे बधिर होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे किलोमीटर जायचे असते. केळीच्या घडासारखे हे उशिरा वर येते. पॅरिस–रूबे संपल्यावर सायकलपटू विश्रांती घेऊ शकतो. टूरमध्ये ती सोय नाही. म्हणून तिथे ५५ किलोमीटर दगड घालणे चूक आणि २० किलोमीटर, तेही एकदाच, हे योग्य, असे मला वाटते. २०१८ मध्ये १५ तुकडे मिळून २१.७ किलोमीटर होते, ती वरची मर्यादा मानावी.

आता अपघातांविषयी. दगडांविरुद्धचा सर्वांत जोरदार युक्तिवाद हाच असतो, पण घटना नीट पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते. २००४ मध्ये इबान मायो पडला आणि त्याची टूर जिंकण्याची आशा मावळली, तो पहिला दगडी तुकडा येण्यापूर्वीच. २०१४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता क्रिस फ्रूम शर्यत सोडून गेला, तोही दगडांना चाक लागण्याआधी. २०१८ मध्ये रिची पोर्ट दगडांच्या कितीतरी आधी, टप्प्याच्या पहिल्या दहा किलोमीटरांतच पडला. २०२२ मध्ये प्रिमोझ रोग्लिचचा खांदा निखळला तो रस्त्यावर आलेल्या गवताच्या गठ्ठ्याला धडकून. प्रत्यक्ष दगडांवर पडून गळ्याचे हाड मोडलेला फ्रांक श्लेक, २०१० मधला, हेही उदाहरण आहेच. परंतु दगडांपूर्वीच्या धोक्याचे एक कारण उघड आहे. पावणेदोनशे सायकलपटूंचा घोळका रुंद डांबरी रस्त्यावरून तीन मीटर रुंदीच्या वाटेत शिरणार असतो. तोंडाशी पहिल्या वीसांत जो असेल त्याला मोकळा रस्ता मिळतो, मागच्याला नाही. म्हणून शेवटच्या काही किलोमीटरांत सगळे एकाच वेळी पुढे घुसतात. पिंप अरुंद गळ्याच्या बाटलीत ओतावे तशी ही स्थिती आहे आणि तिचा दोष दगडांवर नव्हे, तर गळ्यावर जातो. पहिल्या तुकड्यापूर्वी एखादा छोटा चढ किंवा अवघड वळणांचा भाग ठेवला तर घोळका आधीच ताणला जाऊन लांब होतो आणि तोंडाशी होणारी रेटारेटी कमी होते. आयोजकांनी दगड निवडण्याइतकेच लक्ष त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे द्यायला हवे. पावसाचाही विचार व्हायलाच हवा. २०१४ मध्ये पावसामुळे नऊपैकी दोन तुकडे वगळले, तो निर्णय योग्यच होता, कारण चिखल भरलेल्या गोल दगडांवर टायरची पकड फार कमी होते.

अनेकांना दगड हा टूरमध्ये घुसवलेला तमाशा वाटतो, त्यांनी १९१० साल आठवावे. त्या वर्षी टूर प्रथमच पिरेनीज पर्वताच्या तुर्माले घाटातून गेली, तेव्हा तो घाट मातीची वाट होता. त्या दिवशी सायकलपटू ओक्ताव लापीझने आयोजकांना खुनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. तो टप्पा त्यानेच जिंकला, ती टूरही त्यानेच जिंकली, आणि त्याच वर्षीची पॅरिस–रूबेही. म्हणजे आज ज्यांच्यावाचून टूरची कल्पनाच करता येत नाही ते पर्वत एके काळी अमानुष ठरवले गेले होते, आणि दगड मात्र तेव्हा नेहमीचाच रस्ता होता.

खडीच्या कच्च्या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२४ मध्ये त्र्वा शहराभोवतीच्या टप्प्यात असे १४ तुकडे, एकूण ३२ किलोमीटर होते. तिथे दगड जागचा हलतो, चाकाखाली घरंगळतो, म्हणून वळणावर तोल जाण्याचा धोका अधिक आणि कंपन कमी. दोन्ही रस्त्यांना एकाच यादीत बसवणे बरोबर नाही.

उरतो नशिबाचा प्रश्न. टायर कोणाचा फुटेल हे दगड ठरवतो आणि काही प्रमाणात ते कोणाच्याच हाती नसते. एक दिवसाच्या शर्यतीत सगळ्यांनाच तोच जुगार मान्य असतो. तीन आठवड्यांत मात्र अंतर किती कमी असू शकते ते १९८९ ने दाखवले: ग्रेग लेमाँ आठ सेकंदांनी जिंकला. म्हणून दगडांचा दिवस कधी यावा हे सर्वांत महत्त्वाचे. तो पहिल्या आठवड्यातच हवा, आणि त्यानंतर भरपूर पर्वत हवेत. २०२२ चा पाचवा टप्पा अशाच जागी होता. योनास विंगेगोर याची सायकल दगडांवर बिघडली, ती बदलताना गोंधळ झाला, आणि त्याच्याच संघातल्या, पिवळी जर्सी (एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेल्याची खूण) अंगावर असलेल्या वूट फान आर्टने इतर साथीदारांबरोबर त्याला पुढे ओढून आणले. प्रतिस्पर्धी ताडेय पोगाचारपेक्षा विंगेगोर शेवटी फक्त १३ सेकंदांनी मागे राहिला. सहा टप्प्यांनंतर ग्रानोनच्या घाटात त्याने पोगाचारला दोन मिनिटे ५१ सेकंदांनी मागे टाकून पिवळी जर्सी घेतली, आणि पॅरिसपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. तोच बिघाड विसाव्या टप्प्यात झाला असता, तर त्याच्यापुढे ग्रानोन उरला नसता.