सावडीतली फाईल

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक मोबाइलचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी लोक तिथून पेनड्राइव्ह 'भरून' नेतात. मागच्या आठवड्यात त्याचा कॉम्प्युटर बसला आणि उधारीचा सगळा हिशेब त्याच्यासोबत गेला. फुकट सिनेमे मिळतात अशा एका टोरंट साइटवरून उतरवलेली, नव्या सिनेमाच्या नावाची फाईल त्यानं उघडली होती. वजन 2 एमबी. नावाच्या शेवटी 'डॉट एमपी-फोर' दिसत होतं. त्याच्याही पुढचं 'डॉट ईएक्सई', म्हणजे हा सिनेमा नव्हे, प्रोग्राम आहे ही खूण, विंडोजनं नेहमीप्रमाणे लपवलं होतं. दोन तासांचा सिनेमा 2 एमबीत मावतो का, हे विचारायचं राहून गेलं.

त्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता : "थे साइट तं बंद केल्ती ना भाऊ? मंग चालू कशी हाये?"

1999 साली आलेल्या नॅपस्टर या गाणी वाटण्याच्या सेवेत गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीकडे होती. कोर्टानं यादीवरच बोट ठेवलं आणि 2001 मध्ये दुकान बंद. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरनं फाईल वाटण्याची नवी पद्धत, बिटटोरंट, आणली. ही सरळ सावड आहे. आज तुझ्या वावरात निंदण, उद्या माझ्या. फाईलचे तुकडे होतात, ज्याच्याकडे जो आहे तो दुसऱ्याला देतो, देणाऱ्याला आधी मिळतं. जो तुकडा कमी लोकांकडे असेल तो आधी उचलायचा, म्हणजे एखादा निघून गेला तरी अडत नाही. मधेच लाइन गेली तरी आलेले तुकडे जागेवर राहतात. आमच्याकडे टोरंट टिकलं ते यामुळेही.

साइटवर माल नसतो, असते ती फक्त माल कसा मिळवायचा याची चिठ्ठी, म्हणजे टोरंट फाईल. 31 मे 2006 ला स्वीडनच्या पोलिसांनी पायरेट बे या टोरंट साइटचे सर्व्हर उचलून नेले. तीनेक दिवसांत साइट परत उभी. पुढे चिठ्ठीही आटली. तिच्या जागी मॅग्नेट लिंक नावाची एक ओळ आली. तिच्यात फाईलचा 40 अक्षरांचा ठसा असतो, आणि तो माल कोणाकडे आहे हे कॉम्प्युटर एकमेकांना विचारून काढतात. यादीच गावभर वाटलेली, मग जप्त काय करणार?

पण सावडीत कोण आलं ते सगळ्यांना दिसतं. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा नंबर, त्या फाईलच्या प्रत्येक भागीदाराला दिसतो. शिवाय घेता घेता तुम्ही वाटतही असता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे.

आणि तो ठसा? तुकडा वाटेत बदलला नाही एवढंच तो सांगतो. बोगस बियाण्याची थैलीही सीलबंदच असते की! साइट बंद पडली की त्याच नावाच्या नकली साइट उगवतात, आणि व्हायरसची खरी लागवड तिथं होते.

त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर मी विंडोजच्या जागी चालणारं उबुंटू टाकून दिलं. फुकट, कायदेशीर, आणि उतरवलं टोरंटनंच. बनवणारेच तशी सोय देतात. रात्री लॅपटॉप बंद करायचा राहिला. सकाळी पाहतो तर तो कोणाकोणाला तुकडे वाटत बसला होता.