बरं होणं वेगळं, नवं होणं वेगळं

आमच्याकडे कुणी दीर्घ आजारानं गेलं की मातीच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं: "प्रभूनं त्यांना शेवटी पूर्ण बरं केलं." सांत्वनापुरतं ठीक आहे. पण गेलेला माणूस बरा झालेला नसतो. त्याला जे वचन दिलंय ते निराळंच आहे. आजारातून उठणं आणि मरणातून उठणं, दोन्हीला आपण 'आरोग्य' म्हणतो आणि तिथंच गोंधळ होतो.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं (त्यात ख्रिस्ती नसलेलेही बरेच) काय मागतात? हेच गुडघे, हेच काळीज अजून काही वर्षं नीट चालू दे. मागणं रास्त आहे. शुभवर्तमानातलं (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं) बरं करणंही याच जातीचं. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या बारा वर्षांच्या मुलीला उठवल्यावर येशू सांगतो, हिला काही खायला द्या. म्हणजे नेहमीचं आयुष्य सुरू झालं. भूक आली, उद्या तापही येईल, आणि कधीतरी मरणसुद्धा.

येशूचा मित्र लाजर तर चार दिवस थडग्यात होता. येशूची हाक ऐकून बाहेर आला तो हातापायांना प्रेतवस्त्रं गुंडाळलेला. दुसऱ्यांनी ती सोडली तेव्हा कुठं त्याला चालता आलं. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्यालाही ठार मारायचा बेत करतात, कारण परत मिळालेला जीव पुन्हा घेता येण्यासारखाच होता. येशूच्या थडग्यात मात्र तागाची वस्त्रं जागच्या जागी पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. दोन्ही प्रसंग योहानाच्याच शुभवर्तमानात आहेत, आणि कपड्यांचा तपशील तिथं उगाच आला असेल असं मला वाटत नाही. लाजराला ती वस्त्रं पुन्हा लागणार होती.

येशूचा प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात हा फरक दाण्याच्या उदाहरणानं सांगतो: पेरतात ते नाशवंत, उठतं ते अविनाशी. तो लासलगावकडचा असता तर त्यानं कांदा घेतला असता. चाळीत कांदा टिकवायचा म्हणजे हवा खेळती ठेवायची, सडका निवडून काढायचा, चार-सहा महिने ओढायचे. हे झालं बरं होणं. बियाण्याचा कांदा मात्र जमिनीत लावतात. तो स्वतः संपतो, वर पांढरा गोंडा येतो आणि त्यात काळं बी धरतं. कितीही चांगली चाळ बांधली तरी चाळीत गोंडा येत नाही.

मग ज्याचं शरीर उरलंच नाही त्याचं काय, असं लोक विचारतात. मला नाशिकच्या शरणपूरचा जेकब वेनराइट आठवतो. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटी तिथं शिकवायची, त्यांतला हा एक. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधक प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला. त्याचं काळीज तिथंच एका झाडाखाली पुरलं तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली या नाशिकच्या विद्यार्थ्यानं. बाकीचा देह मीठ लावून, उन्हात वाळवून सोबत्यांनी किनाऱ्यापर्यंत वाहून नेला आणि १८७४ मध्ये तो लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. काळीज एका खंडात, देह दुसऱ्या. डागडुजीच करायची म्हटली तर पंचाईतच. पण पौल डागडुजीचं बोलतच नाही.

दोन्हींची गल्लत केली की त्रास आजारी माणसाला होतो, हे मी घरात पाहिलंय. अण्णांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा घरसभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले आणि निघताना म्हणाले, "विश्वास थोडा कमी पडतोय." जे स्वर्गात मिळायचं ते याच मंगळवारी मिळालं पाहिजे, नाहीतर दोष रोग्याचा, असा तो हिशोब. अण्णांनी भांडण केलं नाही, पवित्र शास्त्र पुढं केलं. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्यानंच आपला सोबती त्रफिम याला मिलेत इथं आजारी सोडलं. शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. स्वतःच्या दुखण्यासाठी, ज्याला तो शरीरातला काटा म्हणतो, त्यानं देवाला तीनदा विनवणी केली, आणि उत्तर आलं ते कृपेचं. काटा राहिलाच. प्रचारकांनी चहा संपवला.

अण्णांना दिवसाला एक लिटर पाणी, तेही खुणेच्या स्टीलच्या बाटलीतून. पोटॅशियम वाढतं म्हणून केळं बंद, नारळपाणी बंद, द्राक्षं मोजून आठ. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा २२वा अध्याय ते रोज काढायला लावायचे. देवाच्या आसनापासून निघालेली जीवनाच्या पाण्याची नदी, बारा प्रकारची फळं देणारं झाड, दर महिन्याला बहर. "दर महिन्याला," ते म्हणायचे, "आणि पोटॅशियमचा रिपोर्ट नाही!" देवानं तिथं काय ठेवलंय हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा त्या बाटलीकडे बघून जास्त कळलं.

त्याच झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी, असंही तिथं आहे. म्हणजे तिकडेही दवाखाना का? आधीच्याच अध्यायात मरण, शोक, रडणं, कष्ट राहणार नाहीत असं सांगून झालंय, त्यामुळे तापावरचा काढा म्हणून ती पानं असतील असं वाटत नाही. शब्द राष्ट्रांचा आहे. माझ्या मते ते माणसामाणसांतल्या वैराचं औषध आहे.

खरी गंमत पुढं आहे. मरणातून उठलेला येशू आपला शिष्य थोमा याला हात दाखवतो, तेव्हा खिळ्यांचे व्रण तसेच असतात. बरं होणं म्हणजे खुणा पुसणं असेल, तर येशू बरा झालाच नाही. दुखणं गेलं, व्रण राहिले.

हे वाचून झालं तेव्हा अण्णांनी डावा हात पुढं केला. मनगटावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी) फुगलेला, बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं.

"म्हणजे हे राहणार?"

"राहीलही."

"राहू दे," अण्णा म्हणाले. "पण गुरगुर बंद पाहिजे. रात्री झोप येत नाही."