आयरिश लोकवैद्यकातील प्राणिज उपचार

प्राण्यांचे दूध, चरबी, कातडी किंवा नुसता स्पर्श यांवर आधारलेले आयर्लंडच्या ग्रामीण भागातील पारंपरिक उपचार. अशा उपचाराला तिकडे ‘क्युअर’ म्हणत. त्यांच्या सर्वांत विपुल नोंदी आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या (स्थापना १९३५) शालेय संग्रहात सापडतात. १९३७–३९ दरम्यान २६ परगण्यांतील सुमारे ५,००० शाळांच्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून त्या वहीत उतरवल्या. उत्तर आयर्लंडचे सहा परगणे या उपक्रमात नव्हते.

भाजण्यावरचा उपचार विशेष चर्चिला गेला आहे. जिवंत ‘आर्क लूअख्रा’ला एकदा चाटले की जिभेत गुण उतरतो आणि ती जीभ फिरवताच भाजलेली जागा बरी होते, अशी समजूत होती. नावाचा अर्थ ‘लव्हाळ्यातला सरडा’ असा होतो. पण प्राणी नेमका कोणता, यावर एकमत नाही. आयर्लंडमध्ये मूळचा सरडा एकाच जातीचा आणि न्यूट (शेपटीचा उभयचर प्राणी) हाही एकाच जातीचा; लोकभाषेत दोघांनाही हेच नाव लागते. लव्हाळे ओलसर जमिनीत वाढते, हे पाहता मूळ प्राणी न्यूट असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सॅलमँडर (न्यूटसारखाच शेपटीचा उभयचर प्राणी) आपल्या गारव्याने आग विझवतो, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात लिहिले आहे. आयर्लंडमध्ये सॅलमँडर आढळत नाही. तेव्हा ग्रंथांतून आलेली ही कल्पना त्याच्या जवळच्या न्यूटला चिकटली असावी, असाही तर्क केला जातो.

डांग्या खोकल्यावर गाढवाचा आधार घेत. गाढवाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहत आणि मूल पोटाखालून पलीकडे देऊन पाठीवरून परत घेत. असे तीनदा करत, काही ठिकाणी नऊदा. गाढवाने खाऊन उरलेला पाव मुलाला भरवण्याचीही चाल होती. गाढवाच्या पाठीवरील क्रुसासारख्या खुणेमुळे त्याला हे पावित्र्य आले असावे. परंतु गाढवे आयर्लंडभर पसरली ती साधारणतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. म्हणून हा विधी आजच्या रूपात फार प्राचीन मानता येत नाही. गाढविणीचे दूध खोकल्यावर महाराष्ट्रातही देतात, पण तेवढ्यावरून समान उगम सिद्ध होत नाही.

चामखिळीवर गोगलगाय घासून ती ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाच्या काट्यावर टोचून ठेवत. ती सुकेल तशी चामखीळ झडते, असा विश्वास होता. रुतलेला काटा काढण्यासाठी कोल्ह्याची वाळवलेली जीभ, मुरगळलेल्या मनगटाला वाम माशाची कातडी आणि आखडलेल्या सांध्यांना पाळीव हंसाची चरबी वापरत.