रात्री सैरभैर होणारा पेशंट: झोपेच्या इंजेक्शनाआधी काय तपासायचं

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी दुपारपर्यंत नीट बोलत असतात. दिवेलागणीनंतर सलाईन ओढतात, "मला घराकडं सोडा" म्हणून ओरडतात. घरचे म्हणतात वय झालं. वॉर्डात कुणीतरी झोपेचं इंजेक्शन सुचवतं. दोन्ही निष्कर्ष घाईचे. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होऊन कमीजास्त होत राहणाऱ्या या गोंधळाला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने मुरत जातो, डिलिरियमच्या मागे मात्र बहुतेक वेळा शरीरातलं ताजं कारण असतं.

तो ओळखण्यासाठी अमेरिकी डॉक्टर शॅरन इनूए यांनी 1990 साली मांडलेली पद्धत आजही वापरतात. गोंधळ अचानक सुरू झाला आणि चढउतार होतोय, लक्ष टिकत नाही, या दोन खुणा हव्यातच. जोडीला असंबद्ध बोलणं किंवा जागेपणात बदल, यातली एक. लक्ष तपासायला वार उलटे म्हणायला सांगतात: रविवार, शनिवार, शुक्रवार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे इथंच घोटाळा होतो. नर्स कानडी किंवा मल्याळी बोलणारी, आजींना मराठीच येते. उत्तर आलं नाही की गोंधळ असल्याची नोंद होते. प्रश्न पेशंटच्याच भाषेत, नातेवाईक किंवा मराठी येणाऱ्या सहकाऱ्याकरवी विचारावा. चष्मा आणि कानातलं यंत्र आधी लावावं.

मग शरीर तपासायचं. ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप, आणि बोटातून साखर; ती 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी तिच्यावर उपाय. नंतर ओटीपोटावर हात ठेवून पाहावा. लघवी तुंबली असेल तर तिथं घट्ट फुगवटा लागतो, आणि ते दुःख सांगता न आल्यानं माणूस उठून पळू पाहतो. कॅथेटर (लघवीची नळी) असला तरी ती नळी दुमडलेली किंवा अडलेली असू शकते. शौचाला किती दिवस झालं नाही, जीभ कोरडी आहे का, कूस बदलताना चेहरा आक्रसतो का, हेही बघावं. "दुखायलंय काय? कुठं?" एवढं विचारून उत्तराला दहा सेकंद थांबलं तरी पुष्कळ कळतं. औषधांचा कागद उलगडावा: सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामाइन, झोपेच्या गोळ्या यांनी म्हाताऱ्या मेंदूला भ्रम होतो.

निपाणी भाग तंबाखूचा. तपकीर किंवा मिश्री लावणाऱ्या बायका ते डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि दाखल झाल्यावर निकोटिन तुटून पहिल्याच दिवशी चिडचिड, तगमग सुरू होते. सुनेसमोर विचारलं तर "नाही" हेच उत्तर येईल, एकटीला विचारावं. दारू रोज घेणाऱ्याचं प्रकरण याहून गंभीर. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत झटके किंवा घातक भ्रम येऊ शकतो. हे डॉक्टरांना त्याच क्षणी कळवायचं.

बोलताना समोरून यावं, खाली बसून डोळ्यांच्या पातळीला. नाव सांगावं, एका वेळी एकच वाक्य. "भिंतीवर साप आहे" म्हणणाऱ्याशी वाद घालू नये आणि होकारही भरू नये. "भीती वाटायलीय ना, मी इथं आहे" पुरे. हात बांधणं सर्वांत वाईट. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, कातडी सोलते, आणि उताणा अडकला की उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी सलाईनची जागा बँडेजखाली झाकावी, गरज संपलेली नळी काढून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. इंजेक्शन लागतं तेव्हा लागतं, पण तुंबलेली लघवी त्यानं मोकळी होत नाही.

गप्प पडून राहणारा पेशंट मात्र नजरेतून सुटतो. तो त्रास देत नाही, जेवण तसंच राहतं, हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडतो. हाही डिलिरियमच, आणि उशिरा लक्षात आल्यानं जास्त धोक्याचा.

टाळता किती येतं? 1999 साली प्रसिद्ध झालेल्या इनूए यांच्याच अभ्यासात सत्तरीपुढच्या 852 पेशंटांपैकी नेहमीची काळजी मिळालेल्यांत 15 टक्क्यांना डिलिरियम झाला. पाणी, झोप, चालणं, चष्मा आणि ओळखीच्या गप्पा यांची नेमानं काळजी घेतलेल्यांत 9.9 टक्क्यांना. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा, आणि पहाटे 3 वाजता रक्तदाबासाठी उठवण्याआधी ते खरंच गरजेचं आहे का, एवढा विचार.

कारण दूर झाल्यावरही भ्रम ओसरायला कधी काही दिवस, कधी आठवडे लागतात. घरी सोडताना हे नातेवाईकांना सांगावं, आणि बोलणं पुन्हा अचानक बिघडलं तर त्याच दिवशी परत आणायला बजावावं.