मालीशमधील दाब आणि वेदना-सहनशीलता

मालीश करणाऱ्याने किती जोर द्यावा आणि घेणाऱ्याला तो कितपत सोसतो, याचा मेळ म्हणजे योग्य दाब. त्याला किलोचे माप नाही. पाठीला पुरत नाही तो जोर पोटरीला नकोसा होतो. आयुर्वेदातही जोराने रगडणे ते मर्दन आणि हलके चेपणे ते संवाहन, असे शब्दच वेगळे आहेत.

नाशकात, तालमीत काय किंवा सलूनच्या खुर्चीत काय, ‘दुखल्याशिवाय अंग मोकळं होत नाही’ ही समजूत पक्की आहे. ती बरीचशी चुकीची आहे. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीत, मजूर द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर धरून कात्री चालवतात. संध्याकाळी खांद्याच्या वरच्या कडेला सुपारीएवढी गाठ हाताला लागते. तिच्यावर अंगठा टेकवून दाब सावकाश वाढवला, तर हवीहवीशी कळ येते आणि श्वास चालू राहतो. तोच अंगठा एकदम रुतवला की माणूस श्वास धरतो, पायाची बोटे आखडतात, स्नायू दगड होतो. मालीशवाला मग ‘फार कडक आहे’ म्हणत आणखी जोर लावतो. निम्मा कडकपणा त्यानेच आणलेला असतो!

दाब जिथून दुखू लागतो तो वेदनेचा उंबरठा. त्यापुढे जितके सोसवते ती सहनशीलता. अपुरी झोप, काळजी, जुनी दुखापत यांनी ती घटते. पैलवानाला ‘दुखतं’ म्हणायची लाज वाटते. फिजिओथेरपीत वेदना शून्य ते दहा अशा आकड्यात विचारतात. चोळल्याने कळ का शमते, याचा एक खुलासा मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. त्यासाठी जबर दाब लागत नाही.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हात हलकाच ठेवावा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नये. दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची हौस तर सोडलेलीच बरी, कारण त्यात क्वचित मानेची रक्तवाहिनी आतून फाटते. मालीशनंतर एक-दोन दिवस अंग ठणकले तर बिघडत नाही, पण लघवी काळपट चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.